तिसऱ्या खेपेला उघडलेलं दार

ब्रिटनमध्ये ७ मे २०१५ला सार्वत्रिक निवडणूक झाली. त्यानंतरच्या महिन्यांत, निकालाचे पेपर रद्दीत गेल्यावर, 'ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स' या दरवर्षी होणाऱ्या सर्वेक्षणाची माणसं घरोघर फिरत होती. त्यांच्या लांबलचक प्रश्नावलीत एक प्रश्न होता, तुम्ही मत कोणाला दिलंत? या सर्वेक्षणात पत्ते आधीच, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निवडलेले असत. त्या घरातल्या कुणाशी बोलायचं हेही तसंच ठरायचं. कुलूप असेल तर शेजारच्या घरात विचारून चालायचं नाही. पुन्हा जायचं, तरी कुणी नसेल तर पुन्हा जायचं, आणि माणूस कितव्या खेपेला भेटला याची नोंद ठेवायची.

सगळ्यांची उत्तरं एकत्र केली तर हुजूर पक्ष सुमारे ६ टक्क्यांनी पुढे होता, म्हणजे प्रत्यक्ष निकालाच्या अगदी जवळ. पण पहिल्याच खेपेला भेटलेल्यांची उत्तरं वेगळी काढली तर मजूर पक्ष ६ टक्क्यांनी पुढे! आणि तीन ते सहा खेपा मारल्यावर भेटलेल्यांमध्ये हुजूर पक्ष ११ टक्क्यांनी पुढे. देश तोच, निवडणूक तीच, प्रश्न तोच. फरक एवढाच की बेल वाजवल्यावर घरी कोण होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. राज्यशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या नागरिकशास्त्रापुरता. पण उत्तर देणाऱ्यांवरून न देणाऱ्यांचं काय ते ठरवणं हा माझ्या धंद्याचा रोजचा भाग आहे. ॲपमध्ये 'तुमचा अनुभव कसा होता?' अशी खिडकी उघडते, थोडे लोक तारे देतात, बाकीचे ती बंद करून आपल्या कामाला लागतात, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये त्या थोड्या लोकांनाच 'यूजर' म्हटलं जातं. त्यांच्या म्हणण्यावरून एखादी सोय ठेवायची की काढायची हे ठरतं. ज्याची सोय जाते तो बहुतेकदा खिडकी बंद करणाऱ्यांपैकी असतो. त्यामुळे ब्रिटनमधल्या जनमत चाचण्यांचा इतिहास मी वाचायला घेतला तेव्हा राजकारणाची आवड हे कारण दुय्यम होतं. एका देशाने हाच प्रश्न जाहीरपणे, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर, पुन्हा पुन्हा तोंडावर पडत कसा हाताळला, ते मला पाहायचं होतं.

(जाता जाता: कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लेबर यांना 'हुजूर' आणि 'मजूर' म्हणायचं ज्या कुणा मराठी संपादकाला सुचलं त्याला दाद दिली पाहिजे. यमक जुळतं, आणि शंभर वर्षांचं वर्गीय राजकारण दोन शब्दांत बसतं. ते किती काळ खरं राहिलं ते पुढे येईलच.)

ब्रिटनमध्ये हा उद्योग अमेरिकेतून आला. १९३६ साली जॉर्ज गॅलपने अमेरिकेत रूझवेल्ट जिंकणार हे तुलनेने लहान नमुन्यावरून सांगितलं आणि लाखो लोकांची उत्तरं गोळा करणारं 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिक सपशेल चुकलं. त्यानंतर लवकरच गॅलपची लंडनमधली शाखा उभी राहिली, आणि ती चालवायला हेन्री ड्युरंट नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञ मिळाला. १९३८च्या एप्रिलमध्ये पश्चिम फुलहॅममध्ये पोटनिवडणूक होती. ड्युरंटने मजूर पक्षाच्या डॉक्टर एडिथ समरस्किल जिंकतील असं सांगितलं, आणि त्यांच्या मतांचा अंदाज जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने बरोबर आला. नवशिक्याचं नशीब, असं त्याने स्वतःच नंतर म्हटलं. पण त्यामुळे 'न्यूज क्रॉनिकल' हे वर्तमानपत्र त्याच्या चाचण्या छापायला तयार झालं.

मग आलं म्युनिक. चेंबरलेन हिटलरला भेटून परत आले, लोकांनी जल्लोष केला, असं आपण इतिहासात वाचतो. ड्युरंटच्या माणसांनी त्याच शरद ऋतूत लोकांना विचारलं, युरोपात आता आपल्याला आणखी भूमी नको असं हिटलर म्हणतो, त्यावर तुमचा विश्वास बसतो का? शंभरातल्या ८६ जणांनी नाही म्हटलं. 'न्यूज क्रॉनिकल'ने हा आकडा छापला नाही. वर्तमानपत्राचे प्रमुख सर वॉल्टर लेटन यांनी तो खासगीत चेंबरलेनना कळवला. असा आकडा उघड छापला तर जर्मनीतलं वातावरण बिघडेल, हे कारण.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. चाचणी हे लोकशाहीचं नवं साधन, लोकांचा आवाज दोन निवडणुकांच्या मधल्या काळातही ऐकू यावा म्हणून, असं गॅलप सांगत असे. आणि ते साधन हातात पडल्यावर काही आठवड्यांतच एका सज्जन, उदारमतवादी संपादकमंडळाने लोकांचं मत लोकांपासूनच लपवलं. त्या ८६ जणांपैकी प्रत्येकाला आपण एकटेच संशयी आहोत असं वाटत राहिलं असेल. चाचणीचे आकडे चुकतात तेव्हा त्यांची चिरफाड होते. बरोबर असूनही ज्यांना दिवस दिसला नाही असे आकडे कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

१९४५मध्ये उलट झालं. आकडा छापला, पण कोणी वाचलाच नाही. म्हणजे डोळ्यांनी वाचला, पण मनावर घेतला नाही. युद्ध जिंकून दिलेला चर्चिल हरेल हे कुणाच्या कल्पनेत बसत नव्हतं. गॅलपच्या चाचण्यांमध्ये मजूर पक्ष १९४३पासून पुढे दिसत होता. मतदानाच्या आदल्या दिवशी, ४ जुलैला, 'न्यूज क्रॉनिकल'ने शेवटचे आकडे दिले: मजूर ४७, हुजूर ४१. राजकीय वार्ताहरांनी, पक्षांच्या कचेऱ्यांनी, खुद्द मजूर पक्षाच्या बहुतेक नेत्यांनीही चर्चिलचाच विजय गृहीत धरला होता. परदेशांत असलेल्या सैनिकांची मतं यायची होती म्हणून मोजणी तीन आठवडे थांबली. चर्चिल पॉट्सडॅमची परिषद अर्ध्यावर सोडून निकालासाठी लंडनला आला, आणि परिषदेला परत गेला तो क्लेमंट ॲटली. मजूर पक्षाला सुमारे ४८ टक्के मतं आणि ३९३ जागा मिळाल्या होत्या.

चाचणी बरोबर होती, पण तिच्यावर विश्वास ठेवण्याची सवय अजून कुणाला लागली नव्हती. पुढच्या ७० वर्षांत ती सवय इतकी लागली की उलटा त्रास सुरू झाला.

याच काळात ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजात निवडणुकांचा अभ्यास सुरू झाला. आर. बी. मॅकॅलम यांनी १९४५च्या निवडणुकीवर पुस्तक लिहिलं, आणि त्याच वर्तुळातून 'सेफॉलॉजी' हा शब्द आला. प्राचीन अथेन्समध्ये मत देताना खडे वापरत, ग्रीकमध्ये खड्याला सेफोस म्हणतात, म्हणून हे 'खडेशास्त्र'. इंग्रजीतला 'पोल' हा शब्दही मुळात डोक्याचा. पोल घेणं म्हणजे डोकी मोजणं. आपल्याकडे जनगणनेला जुना शब्द 'शिरगणती' आहे, तो याचाच सख्खा भाऊ.

मॅकॅलमच्या पुस्तकाला आकडेवारीचं परिशिष्ट जोडणारा पोरगा होता डेव्हिड बटलर. १९५०च्या जानेवारीत 'इकॉनॉमिस्ट'मध्ये त्याचा एक निनावी लेख आला. दोन पक्षांना मिळालेल्या मतांचं जे गुणोत्तर असतं त्याचा घन केला की जागांचं गुणोत्तर साधारण मिळतं, हा घननियम त्यात मांडला होता. नियम जुना होता, पण राजकारण्यांना माहीत नव्हता. चर्चिलने लेख वाचला आणि लेखकाला आपल्या चार्टवेलच्या घरी बोलावून घेतलं. पंचवीस वर्षांचा बटलर आणि पंच्याहत्तरीचा चर्चिल. आपल्यामुळे पक्षाचं नुकसान होतंय का, असंही चर्चिलने त्याला विचारलं, आणि पूर्वीइतका फायदा आता होत नसावा अशा अर्थाचं उत्तर त्या पोराने तोंडावर दिलं, असं सांगतात. महिनाभराने बीबीसीने पहिल्यांदा निकालाची रात्र टीव्हीवर दाखवली, तेव्हा बटलर स्टुडिओत होता. पुढे 'स्विंग' ही कल्पना आणि ती दाखवणारं 'स्विंगोमीटर' हे लंबकासारखं यंत्र याच माणसामुळे घराघरांत गेलं.

बटलरचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९८०च्या दशकात त्याने प्रणॉय रॉय आणि अशोक लाहिरी यांच्याबरोबर भारतीय निवडणुकांचे आकडे संकलित केले. विरोधक किती फुटलेले आहेत ते मोजणारा 'विरोधी ऐक्याचा निर्देशांक' या मंडळींनी लोकप्रिय केला, कारण नुसता ब्रिटिश स्विंग इथे पुरत नव्हता. आई-बाबांच्या पिढीने दूरदर्शनवर प्रणॉय रॉय आणि विनोद दुआ यांच्याबरोबर जागवलेल्या निकालाच्या रात्रींचं मूळ त्या १९५०च्या स्टुडिओत आहे.

स्विंगची गंमत अशी की ती चालायची, कारण ब्रिटन एकसारखा हलायचा. कॉर्नवॉलमध्ये ३ टक्के मतं इकडून तिकडे गेली तर यॉर्कशरमध्येही साधारण तेवढीच जायची. बटलर आणि अमेरिकन संशोधक डोनल्ड स्टोक्स यांनी १९६३पासून त्याच त्याच मतदारांना पुन्हा भेटून 'पोलिटिकल चेंज इन ब्रिटन' हे पुस्तक १९६९ साली काढलं. त्यात दिसतं की मत बहुतेकांना वडिलांकडून, घरातून, गल्लीतून मिळतं. कामगारांपैकी साधारण दोन तृतीयांश मजूर पक्षाचे, पांढरपेशांपैकी बहुसंख्य हुजूर पक्षाचे. हुजूर-मजूर हे भाषांतर तेव्हा अगदी नेमकं होतं. अर्थात उरलेले एक तृतीयांश कामगार हुजूर पक्षाला मत देत होते, आणि ते देत होते म्हणूनच तो पक्ष जिंकू शकत होता. या मंडळींवर तर तेव्हा स्वतंत्र पुस्तकं निघाली.

चाचणीवाल्यांच्या दृष्टीने वर्गीय मतदान ही मोठी सोय होती. मत वर्गावर अवलंबून असेल, तर नमुन्यात वर्गांचं प्रमाण बरोबर ठेवलं की पुष्कळ काम झालं. त्यासाठी 'कोटा' पद्धत वापरत. मुलाखत घेणाऱ्या बाईंच्या हातात यादी द्यायची: इतक्या स्त्रिया, इतके पुरुष, या वयाचे इतके, या वर्गाचे इतके. माणसं कुठून आणायची ते त्यांनी पाहायचं. त्या अर्थातच सहज भेटतील, बोलतील, हाकलून देणार नाहीत अशा लोकांकडे जात. यात त्यांचा दोष नाही. दुपारी एक ते चार पुण्यात कुणाची बेल वाजवायची हिंमत तुम्ही तरी कराल का?

१९७०मध्ये पहिला मोठा धक्का बसला. पाच प्रमुख संस्थांपैकी चार जणींनी हॅरॉल्ड विल्सनचा मजूर पक्ष जिंकेल असं सांगितलं. गॅलपने तर ७ टक्क्यांची आघाडी दिली. एकट्या ओआरसीने शेवटच्या घडीला काही मतदारांना पुन्हा गाठून हुजूर पक्ष एका टक्क्याने पुढे दाखवला. एडवर्ड हीथ ३० जागांच्या बहुमताने जिंकले. मतदानाच्या चार दिवस आधी विश्वचषकात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून ३-२ हरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी व्यापारतुटीचे वाईट आकडे आले होते. लोकांनी शेवटच्या क्षणी मन बदललं, असं स्पष्टीकरण सर्वांना सोयीचं होतं. चाचणी घेतली तेव्हा ती बरोबरच होती, नंतर देश हलला! आमच्याकडे याला 'माझ्या मशीनवर चालत होतं' म्हणतात.

९ एप्रिल १९९२. हुजूर पक्ष १३ वर्षं सत्तेत होता, मंदी होती, पोल टॅक्सवरून दंगली होऊन गेल्या होत्या, थॅचरबाईंना त्यांच्याच पक्षाने घालवून जॉन मेजरना आणलं होतं. शेवटच्या चाचण्यांची सरासरी पाहिली तर नील किनॉकचा मजूर पक्ष एखाद्या टक्क्याने पुढे होता. मतदान संपल्यावर आलेले एक्झिट पोलही त्रिशंकू संसद सांगत होते. मग एसेक्समधल्या बॅझिल्डनचा निकाल आला. नव्या वसाहतींचं, कामगारांचं गाव. मजूर पक्षाला जिंकायचं असेल तर अशाच जागा घ्यायला हव्या होत्या, आणि ती हुजूर पक्षाकडेच राहिली. सकाळपर्यंत मेजरना १ कोटी ४० लाखांहून जास्त मतं मिळाली होती. ब्रिटनच्या इतिहासात कुठल्याही पक्षाला एका निवडणुकीत इतकी मतं तोवर मिळाली नव्हती, त्यानंतरही मिळालेली नाहीत. हुजूर पक्षाची आघाडी साडेसात टक्क्यांची होती. म्हणजे चाचण्या आघाडीच्या हिशेबात आठ-नऊ टक्क्यांनी चुकल्या होत्या, आणि सगळ्या एकाच दिशेने.

हा एकाच दिशेचा मुद्दा मोलाचा आहे. नमुना लहान असल्यामुळे होणारी चूक इकडेही जाते, तिकडेही जाते. दहा चाचण्यांची सरासरी काढली की ती बरीचशी जिरते. सगळ्या चाचण्या एकाच बाजूला चुकत असतील तर हजाराच्या जागी एक लाख लोकांना विचारूनही काही फरक पडत नाही. चुकीचं उत्तर जास्त ठामपणे मिळतं, एवढंच. 'लिटररी डायजेस्ट'चं हेच झालं होतं.

मार्केट रिसर्च सोसायटीने चौकशी समिती नेमली आणि १९९४मध्ये तिचा अहवाल आला. त्यात मुख्य कारणं तीन होती. काही लोकांनी खरोखरच शेवटी मन बदललं. कोटा ठरवण्यासाठी वापरलेले समाजाचे आकडे शिळे होते. थॅचरच्या काळात लाखोंनी सरकारी घरं विकत घेतली, मध्यमवर्ग वाढला, आणि चाचणीवाले जुन्या, जास्त गरीब ब्रिटनचे नमुने गोळा करत राहिले. आणि तिसरं, हुजूर पक्षाचे मतदार चाचणीला नकार देण्याची किंवा 'सांगता येत नाही' म्हणण्याची शक्यता जास्त होती.

या तिसऱ्या कारणाला 'शाय टोरी' असं नाव पडलं, लाजाळू हुजूर म्हणू. पहिली दोन कारणं विस्मरणात गेली आणि हे टिकलं. कारण उघड आहे. यात नाट्य आहे: शेजाऱ्यासमोर उदार, मतपेटीसमोर स्वार्थी. शिवाय यात दोष मतदाराचा आहे, मोजणाऱ्याचा नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. कोट्याचे आकडे दहा वर्षं जुने होते, हे वाक्य कुणी जेवणाच्या टेबलावर सांगत नाही.

तरी दुरुस्त्या झाल्या आणि त्या प्रामाणिक होत्या. आयसीएम या संस्थेने 'गेल्या वेळी कुणाला मत दिलंत' हे विचारून त्यावरून नमुन्याचं वजन बदलायला सुरुवात केली. 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांपैकी काही जणांना त्यांच्या गेल्या वेळच्या पक्षात टाकलं. बाकीचे हळूहळू त्याच वाटेने गेले. २००४मध्ये ब्रिटिश पोलिंग कौन्सिल स्थापन झाली. तिच्या सदस्यांना आपल्या चाचणीचे सगळे तक्ते, प्रश्नाचे शब्द, वजनं कशी लावली हे जाहीर करावं लागतं. म्हणून तर पुण्यात बसून मला हे वाचता येतं. २०२४ला आपल्या बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या आणि मिळाल्या २९३. त्यानंतर चॅनेलांवर अश्रू, माफी, बचाव सगळं झालं. ब्रिटनमध्ये अशा वेळी तक्ते उघडून बसता येतं.

तर २०१५. शेवटच्या चाचण्यांमध्ये दोन्ही पक्ष ३४ टक्क्यांच्या आसपास, बरोबरीत. निकालात हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे, आणि डेव्हिड कॅमेरनना स्वतःच्या बळावर बहुमत. सर्व्हेशन नावाच्या संस्थेकडे आदल्या दिवशीची एक चाचणी तयार होती: हुजूर ३७, मजूर ३१. जवळजवळ अचूक. ती इतरांपेक्षा इतकी वेगळी होती की त्यांनी घाबरून छापलीच नाही, आणि निकालानंतर तसं कबूल केलं. १९३८ला राजकारणासाठी आकडा दाबला होता, २०१५ला कळपाबाहेर दिसू नये म्हणून.

काही तासांत 'लाजाळू हुजूर' पुन्हा चर्चेत आला. पण या वेळी पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने एकेक संशयित तपासला. शेवटच्या क्षणी मन बदललं का? थोडंसं, पण एवढं नाही. लोक खोटं बोलले का? पुरावा नाही. मतदान करू म्हणून घरी बसले का? त्याने एवढा फरक पडत नाही. उरलं एकच कारण, नमुनाच चुकीचा होता. ऑनलाइन पॅनेलवर आणि फोनवर भेटलेले लोक देशासारखे नव्हते. त्यांच्यात सत्तरीच्या पुढचे कमी होते. तरुणांची संख्या वजन लावून बरोबर केली होती, पण ते तरुण राजकारणात नको इतका रस असलेले होते. खऱ्या देशातला बावीस वर्षांचा मुलगा मतदानाला जातोच असं नाही. पॅनेलवर नाव नोंदवून आठवड्याला प्रश्नावली भरणारा जातो, आणि त्यातले बरेच मजूर पक्षाला मत देतात.

याचा पुरावा कुठून मिळाला? लेखाच्या सुरुवातीच्या त्या सर्वेक्षणातून, आणि तशाच पद्धतीच्या 'ब्रिटिश इलेक्शन स्टडी'तून. तिथेही पत्ते चिठ्ठ्या टाकून, पुन्हा पुन्हा फेऱ्या, सुमारे ३ हजार मुलाखती. दोन्हीकडे लोकांनी निवडणुकीनंतर, माणसासमोर बसून, हुजूर पक्षाला मत दिल्याचं सांगितलं, जवळजवळ निकालाच्याच प्रमाणात. लाज वाटत असती तर समोरासमोर जास्त वाटायला हवी होती. ते लाजाळू नव्हते. ते कामावर होते, नातवंडांना शाळेतून आणायला गेले होते, किंवा त्यांना असल्या चौकशांचा कंटाळा होता. आधीच्या खेपांना त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

माझ्या आईला सर्वेक्षणाचा फोन आला की ती 'कामात आहे' म्हणून ठेवून देते. तिला मतं नाहीत असं मात्र कुणी समजू नये.

त्या २०१५च्या रात्री एक आकडा बरोबर आला होता. दहाच्या ठोक्याला बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय यांच्या संयुक्त एक्झिट पोलने हुजूर पक्षाला ३१६ जागा दिल्या. लिबरल डेमोक्रॅट्सचे माजी नेते पॅडी ॲशडाउन म्हणाले, हे खरं निघालं तर मी माझी टोपी खाईन. (खऱ्या जागा ३३१ निघाल्या. त्याच आठवड्यात एका टीव्ही कार्यक्रमात त्यांना टोपीच्या आकाराचा केक देण्यात आला.)

हा एक्झिट पोल जॉन कर्टिस आणि डेव्हिड फर्थ या दोन प्राध्यापकांच्या पद्धतीवर चालतो, आणि इंजिनिअर म्हणून मी तिच्या प्रेमात आहे. १४०च्या आसपास मतदान केंद्रं, शक्यतो तीच जी गेल्या निवडणुकीत होती. बाहेर पडणाऱ्या ठरावीक मतदाराच्या हातात नकली मतपत्रिका द्यायची, त्याने ती खूण करून पेटीत टाकायची. तोंडाने काही सांगायचं नाही. मग या केंद्रावर कुठल्या पक्षाला किती टक्के, हे मोजायचं पण त्यावर विसंबायचं नाही. गेल्या वेळच्या याच केंद्रावरच्या एक्झिट पोलपेक्षा किती बदल झाला एवढंच घ्यायचं, आणि हा बदल कुठल्या प्रकारच्या मतदारसंघात जास्त, कुठे कमी, याचं मॉडेल करून ते सगळ्या मतदारसंघांना लावायचं. नकार देणारे एका पक्षाचे जास्त असतील तर ते गेल्या वेळीही असेच जास्त होते. वजाबाकीत ती चूक बरीचशी छाटली जाते. वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवत असला तरी तुमचं वजन किती वाढलं हे तो बरोबर सांगतो. २००५मध्ये या लोकांनी ६६ जागांचं बहुमत सांगितलं होतं. निकाल ६६.

पण हे मत देऊन झाल्यावर. आधीचं काय? पाच-सहा खेपा मारायला महिने लागतात आणि पैसाही अमाप, वर्तमानपत्राला आकडा संध्याकाळपर्यंत हवा असतो. म्हणून २०१५नंतर चाचणीवाल्यांनी वजनं आणखी पिळली. तरुण मत देत नाहीत ना? मग तरुणांचं वजन खाली. २०१७मध्ये आयसीएमने त्या हिशेबाने थेरेसा मे यांना १२ टक्क्यांची आघाडी दिली. निकालात ती अडीच टक्केही नव्हती. गेल्या परीक्षेचा पेपर पाठ करून गेलं की असं होतं. त्याच वेळी यूगव्हने दार न उघडणाऱ्याचा वेगळा विचार केला. अँड्र्यू गेलमन आणि टॉमस लिटल यांनी १९९७ साली मांडलेली एमआरपी ही पद्धत त्यांनी वापरली. हजारो पॅनेलवाल्यांच्या उत्तरांवरून प्रत्येक प्रकारच्या माणसाचं मत शिकायचं (वय, शिक्षण, गेल्या वेळचं मत, राहण्याची जागा) आणि मग जनगणनेवरून प्रत्येक मतदारसंघात त्या त्या प्रकारची किती माणसं आहेत ते पाहून बेरीज करायची. ३१ मे २०१७ला त्यांनी त्रिशंकू संसद सांगितली. हुजूर पक्षाच्या अमेरिकन सल्लागाराने ट्विटरवर खिल्ली उडवली. मॉडेल कँटरबरीची जागाही मजूर पक्षाला देत होतं, जिथे १९१८पासून मजूर पक्ष कधी जिंकला नव्हता. तो १८७ मतांनी जिंकला, आणि संसद त्रिशंकू आली.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती मला व्यवसायातून नीट माहीत आहे. पंचाहत्तर वर्षांच्या, पदवी नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईंचं मत मॉडेल शिकतं ते पॅनेलवर असलेल्या तशा बाईंकडून. पॅनेलवर नसलेल्या बाई वेगळा विचार करत असतील तर जनगणनेचे आकडे कितीही चोख असले तरी उपयोग नाही. मतं कशावर ठरतात तेही बदलत राहतं. १९६०च्या दशकात वर्ग कळला की मत कळायचं. २०१७मध्ये यूगव्हच्या हिशेबाने मतदार ४७व्या वर्षी मजुराकडून हुजूरकडे वळत होता, २०१९मध्ये ३९व्या. आता हुजूर आणि मजूर हे शब्द आजोबा आणि नातू असे वाचायला हरकत नाही.

४ जुलै २०२४ला मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या, मतं मात्र ३३.७ टक्के. रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतांवर ५ जागा, लिबरल डेमोक्रॅट्सना १२.२ टक्क्यांवर ७२. बटलरचा घननियम कधीच मोडीत निघाला होता. शेवटच्या चाचण्यांनी मजूर पक्षाची आघाडी सरासरीने १७-१८ टक्क्यांची दाखवली होती, ती प्रत्यक्षात १० टक्के निघाली. चुकीचं माप जवळजवळ १९९२एवढंच. १९९७मध्येही बहुतेक चाचण्यांनी ब्लेअरची आघाडी फुगवली होती. दोन्ही वेळा जो जिंकणार म्हणत होते तोच जिंकला, म्हणून १९९२ आणि २०१५सारखा गदारोळ झाला नाही. या वेळी नोंदणी झालेल्या दर दहा मतदारांपैकी चार जण मतदानालाच गेले नव्हते.